दाताची केस

आमच्या गावात इंग्रजी दोन वाटांनी आलं. एक शाळेच्या आणि दुसरी कोर्टाच्या. शाळेतलं इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि बहुतेकांचं दहावीला संपायचं. कोर्टातलं मात्र एकदा अंगाला चिकटलं की मरेपर्यंत सुटायचं नाही. ज्याला सही करता येत नव्हती, अंगठाच उठवायचा, असा माणूससुद्धा स्टे, समन्स, वॉरंट, रिमांड, चार्जशीट हे शब्द असे बोलायचा, की जणू ते त्याच्याच रानात पिकलेत. पारावरच्या म्हाताऱ्यांना शाळेच्या पुस्तकातलं एक वाक्य वाचता आलं नसतं. पण अपील म्हणजे काय, ते किती दिवसांत करायचं आणि त्याला वकील किती घेतो, हे सगळं तोंडपाठ.

कारण यातला प्रत्येक शब्द पैसे मोजून शिकलेला होता. 'स्टे' शिकायला कुणाची तरी म्हैस गेली होती. 'एक्स पार्टी' हा शब्द एकानं समन्स परत धाडून शिकला. कागद घेतला नाही म्हणजे केस होत नाही, असं त्याला वाटलं होतं, आणि त्याच्या माघारी एकतर्फी निकाल लागला. जो शब्द शिकताना घरातलं काही विकावं लागतं, तो विसरत नाही.

आकड्यांचंही तसंच. इंग्रजांनी 1860 साली दंडविधान केलं, 1862 च्या 1 जानेवारीपासून ते लागू झालं. त्याचा मूळ मसुदा मेकॉलेसाहेबाचा. हा साहेब आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हता, पण त्याचे आकडे पोराटोरांना ठाऊक. लबाड माणूस म्हणजे 'चारशेवीस'. 'तीनशेदोन' म्हटलं की बाया तोंडाला पदर लावायच्या. 307 ला तर गावानं स्वतःचं इंग्रजी नाव दिलं होतं, 'हाफ मर्डर'. कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात हा शब्द नाही. पण जीव घ्यायला गेला आणि माणूस वाचला, एवढी सगळी हकिकत त्यात दोन शब्दांत बसते. शांततेचा बाँड लिहून घेतला की 'चॅप्टर केस' झाली म्हणायचे. फौजदारी कायद्याच्या आठव्या चॅप्टरवरून हे नाव आलंय, हे कुणाला माहीत नव्हतं आणि त्यावाचून अडतही नव्हतं. पोलिसांनी भांडण नुसतं नोंदवून घेतलं आणि 'कोर्टात जा' म्हणून हातात कागद दिला, की ती 'एन.सी.', म्हणजे अदखलपात्र. आमच्याकडं तिला 'नुसता चिटोरा' म्हणायचे. अक्षरंसुद्धा जुळवून घेतलेली.

तसं बघितलं तर कोर्टाची भाषा आपली कधीच नव्हती. वकील, फिर्याद, दावा, जप्ती, जामीन, तारीख, हे सगळे शब्द फारशी-अरबीतून आले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, पण हे शब्द काही लोकांच्या तोंडून गेले नाहीत. त्यांच्यावर इंग्रजीचा थर चढला. राज्य जातं, राजा जातो, पण कोर्टात ठेवून गेलेले शब्द मागंच राहतात.

आणि एकच शब्द सगळ्यांना सारखा लागतो असंही नाही. कोर्टाच्या आवारात वकील म्हणायचा, "सेटलमेंट करून टाका." म्हणजे तडजोड करा. पण आमच्या सोलापूरकडच्या पारध्याच्या म्हाताऱ्याला 'सेटलमेंट' म्हटलं की वेगळंच आठवायचं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. पुढं सोलापुरात तारेचं कुंपण घालून त्यांना आत ठेवलं. सकाळ-संध्याकाळ हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. त्या जागेचं नाव सेटलमेंट. 1952 साली कायदा रद्द झाला, कुंपण निघालं. पण गावात चोरी झाली की फौजदाराची गाडी आधी पालांकडंच वळायची, हे मी लहानपणी बघितलंय. एकाच्या कानाला जो शब्द 'मिटलं' म्हणून ऐकू येतो, तोच दुसऱ्याच्या कानाला 'आत टाकलं' म्हणून.

आमच्या घराला हे इंग्रजी शिकवलं ते एका दातानं.

आबा माझे आजोबा, आणि नाना त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा मधोमध बांध पडला. बांधाचं एक असतं, तो कुणीच एकदम फोडत नाही. नांगरताना एका वर्षी एक तास जास्तीचं घ्यायचं, पुढच्या वर्षी आणखी एक. दहा वर्षांत बांधाचा धुरा होतो आणि धुऱ्याची रेघ. नाना म्हणायचे आबांनी कोरला, आबा म्हणायचे नानांनी कोरला. 1982 च्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला, आणि तिन्हीसांजेला दोघंही खोरं घेऊन पाणी वळवायला बांधावर आले. बोलण्यावरून बोलणं वाढलं. आबांच्या हातातला खोऱ्याचा दांडा फिरला आणि नानांच्या तोंडावर बसला. समोरचा वरचा एक दात पडला.

तो दात आधीच हलत होता, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. त्या दातानं नाना वर्षभर हुरडासुद्धा खात नव्हते. पण कायदा दात हलता होता का घट्ट होता ते विचारत नाही. मारामारीचे दोन प्रकार, 'सिंपल' आणि 'ग्रिव्हस'. साधी दुखापत आणि गंभीर दुखापत. कुठली दुखापत गंभीर, त्याचे 320 कलमात आठ प्रकार सांगितलेले. डोळा जाणं, कान जाणं, अवयव जाणं, चेहरा विद्रूप होणं, वीस दिवस जबर वेदना होणं किंवा नेहमीचं काम करता न येणं, असे. त्यातच एक, हाड किंवा दात मोडणं. मांडीचं हाड आणि समोरचा हलता दात कायद्याच्या एकाच ओळीत बसलेले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सर्टिफिकेट लिहिलं. त्याची नक्कल पुढं चार्जशीटबरोबर घरी आली. बाकीची कागदं मराठीत, तेवढं एक इंग्रजीत. मी तेव्हा आठवीत. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, म्हणून कंदिलाजवळ मला बसवलं. आबा समोर. मी शाळेची डिक्शनरी काढून एकेक शब्द लावत गेलो. 'हार्ड अँड ब्लंट ऑब्जेक्ट' म्हणजे टणक आणि बोथट वस्तू.

"म्हंजे खोऱ्याचा दांडाच की," आबा म्हणाले. "एवढ्यासाठी इंग्रजी कशाला लागतंय?"

मग 'ग्रिव्हस' आला. डिक्शनरीत त्याचा एक अर्थ दुःखदायक असाही होता. मी तो वाचला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हां. ते बरोबर लिवलंय."

दांडा हत्यार धरला गेला आणि दात मोडला म्हणून कलम लागलं 326. हत्यारानं गंभीर दुखापत. त्याला दहा वर्षांपर्यंत, अगदी जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितलेली. हाच दात नुसत्या बुक्कीनं पडला असता तर 325, म्हणजे बेलेबल. पोलीस ठाण्यातच जामीन झाला असता. दांड्यामुळं नॉन-बेलेबल झालं. आबांना धरून नेलं. 'पी.सी.आर.' आणि 'एम.सी.आर.' हे दोन शब्द त्या आठवड्यात आम्ही शिकलो. पी.सी.आर. म्हणजे पोलिसांच्या ताब्यात आणि एम.सी.आर. म्हणजे न्यायालयीन कोठडीत. गावातल्या एका जाणत्यानं आजीला समजावलं, "पी.सी.आर.ला मार असतो वयनी, एम.सी.आर.ला भात. आपल्याला एम.सी.आर. मागायचा." आबांना तोच मिळाला. तालुक्याच्या सब-जेलमध्ये चार रात्री काढून ते जामिनावर आले.

जामिनाला सातबारा लागला आणि तहसीलातून ऐपतीचा दाखला. आमच्या मामांनी दोन्ही आणलं. त्या चार रात्रींत आबांबरोबर एक माणूस होता. किरकोळ चोरीचा आळ, जामीन मंजूर होऊन दोन महिने झालेले, पण बाहेर येत नव्हता. आबा घरी आल्यावर पुन्हापुन्हा त्याचंच सांगायचे. "हुकूम झालाय रं सुटकंचा. पण जामीन ऱ्हायाला जमीन लागती. त्याच्याकडं तीच न्हाय."

मग तारखा सुरू झाल्या. तारीख पडली की पहाटे भाकरी बांधून एसटीनं तालुक्याला जायचं. एकच एसटी, त्यामुळं फिर्यादी आणि आरोपी एकाच गाडीत. आबा पुढच्या बाकावर, नाना मागच्या. बोलायचं नाही. कोर्टाच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली एकानं या बाजूला भाकरी सोडायची, एकानं त्या बाजूला. पुकारा झाला की आत जायचं, साहेब रजेवर, वकील दुसऱ्या कोर्टात, नाहीतर बोर्ड मोठा. 'नेक्स्ट डेट' घेऊन संध्याकाळी त्याच गाडीनं परत. जाता आलं नाही तर वकिलाकडून 'एक्झम्प्शन'चा अर्ज द्यायचा, नाहीतर वॉरंट. खोऱ्याचा तो दांडा कागदात गुंडाळून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून, लाख लावून मुद्देमालात पडलेला. तो दांडा बाभळीचा होता आणि चांगला हाताला बसलेला होता, याची आबांना अधूनमधून आठवण यायची.

सहा वर्षं अशीच गेली. 1988 साली थोरली आई गेली, म्हणजे आबांची आणि नानांची आई. सुतकात दोघं एका पंगतीला बसले, पण तोंड एकमेकांकडं नव्हतं. दहाव्याला सीनेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर येऊन बसले, पण पिंडाला शिवेनात. अर्धा तास झाला. ऊन चढलं. आबांनी म्हटलं, धाकट्या बहिणीचं आम्ही बघू. कावळा हलेना. पोरांची शिक्षणं करू म्हटलं, देवाला जाऊन येऊ म्हटलं. नाही. सगळ्यांना काय ते कळत होतं, पण बोलायचं कुणी? शेवटी भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं नानांच्या खांद्याला हात लावला. नाना पुढं झाले. हात जोडले. म्हणाले, "आये, केस माघारी घेतो."

कावळा उतरला. कुणाला काय वाटायचं ते वाटो. मी तिथं होतो, आणि मी जे पाहिलं ते लिहिलं.

पुढच्या तारखेला दोघं भाऊ एका बाकावर बसून तालुक्याला गेले. बरोबर मीही. वकिलाला नानांनी सांगितलं, मला केस काढून घ्यायची आहे. वकील हसला. म्हणाला, "नाही घेता येत. नॉन-कंपाउंडेबल आहे."

हा शब्द नवीन होता. दोघांनी माझ्याकडं बघितलं. मला एवढंच ठाऊक होतं की कंपाउंड म्हणजे कुंपण. आबांनाही तेवढंच ठाऊक. ते म्हणाले, "कंपाउंड न्हायीच म्हणून तर भांडाण झालं साहेब. बांधाला कंपाउंड असतं तर कशाला?"

मग वकिलानं नीट समजावलं. काही गुन्हे आपसांत मिटवता येतात, ते कंपाउंडेबल. साधी मारहाण मिटवता येते. 325 सुद्धा कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतं. पण 326 नाही. एकदा ते लागलं की केस फिर्यादीची राहत नाही, सरकारची होते. कागदावर नाव काय लिहिलंय बघा: महाराष्ट्र सरकार विरुद्ध तुमचा भाऊ.

नाना लिंबाखाली बसले. म्हणाले, "दात माझा. मारणारा माझा भाऊ. मग सरकारचं काय गेलं?"

हा प्रश्न अडाण्याचा नव्हता. वकिलापाशी उत्तर होतं आणि ते खोटंही नव्हतं. तो म्हणाला, "उद्या एखादा दांडगा माणूस गरिबाचं डोकं फोडील आणि दुसऱ्या दिवशी दमदाटी करून त्याच्याकडूनच लिहून घेईल, की आमचं मिटलं. तसं होऊ नये म्हणून सरकार मधी उभं राहतं." नानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ते बरोबर हाय. पन मी कावळ्याला शब्द दिलाय."

त्यावर वकील काही बोलला नाही. निघताना मात्र म्हणाला, "साक्षीला उभे राहाल तेव्हा बघू."

साक्ष निघायला आणखी पाच वर्षं लागली. 1993. तोवर नानांचे आणखी चार दात आपोआप पडले होते, त्यामुळं दांड्यानं पडलेला नेमका कुठला, ते त्यांना बोट घालून सांगावं लागलं असतं. पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी देवाची शपथ घेतली. सरकारी वकिलानं विचारलं, त्या दिवशी काय झालं?

नाना म्हणाले, "अंधार पडला हुता साहेब. पाऊस झालेला. बांधावरनं पाय घसरला आन् तोंड दगडावर आपटलं."

"आरोपीनं तुम्हाला मारलं का?"

"आरोपी कोन?" नानांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. शिपायानं आबांकडं बोट केलं. "त्यो व्हय? त्यो माझा दादा हाय."

सरकारी वकील उठला आणि साहेबांना म्हणाला, साक्षीदार होस्टाईल झाला आहे, उलटतपासाची परवानगी द्यावी. मग त्यानं पोलिसांपुढचा जबाब एकेक वाक्य वाचून दाखवला, आणि नाना प्रत्येक वाक्याला वकिलांनी शिकवलेलं एकच उत्तर देत राहिले, असा मजकूर पोलिसांनी का लिहिला त्याचं कारण मला सांगता येणार नाही. साहेबांनी एकदा नानांकडं बघितलं, एकदा आबांकडं, आणि टंकलेखकाला सांगत राहिले.

घरी येताना एसटीत नानांनी मला विचारलं, "त्यो मला काय म्हनला रं?"

"होस्टाईल."

"म्हंजे?"

कॉलेज झालेलं होतं, आता डिक्शनरी लागत नव्हती. "म्हंजे वैरी," मी म्हणालो.

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "अकरा वर्सं मी दादाचा वैरी हुतो, तवा मी सरकारचा मानूस. आज भाऊ झालो, तर वैरी. मोठं गमतीचं हाय."

आबांना संशयाचा फायदा मिळाला. निकाल इंग्रजीतच होता, आणि तो मीच वाचून दाखवला. शेवटी एक ओळ होती, मुद्देमाल किरकोळ किमतीचा असल्यानं अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. आबा म्हणाले, "दांडा परत मागाया पायजे हुता."

हा शब्द मी पुढं पुष्कळदा ऐकला, आणि नेहमी असा ऐकला नाही. शेजारच्या गावात एका भूमिहीन माणसाला चौकात मारलं, अॅट्रॉसिटीची केस झाली. बघणारे पन्नास होते, साक्षीला पाच आले आणि पाचही फिरले. एकाचं बिऱ्हाड मारणाऱ्याच्या जागेत होतं, दुसऱ्याच्या अंगावर त्याची उचल होती. त्यांनाही कोर्टानं होस्टाईलच म्हटलं. पेपरात 'साक्षीदार फितूर' असं छापून आलं. आमच्या वकिलानं लिंबाखाली सांगितलं होतं ते याच माणसासाठी होतं, हे मला तेव्हा कळलं. आईच्या पिंडापुढं दिलेल्या शब्दासाठी फिरलेला आणि भाकरीच्या भीतीनं फिरलेला, कायद्याला दोघं एकाच नावानं माहीत. वेगळं नाव ठेवायला त्याच्याकडं शब्द नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या मराठीतही नाही.

आता बरंच बदललं. 1998 पासून तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली, जरी हायकोर्टाची इंग्रजीच राहिली. 2024 च्या 1 जुलैपासून तर ते जुने आकडेही गेले. तीनशेदोनचं आता 103 झालं, चारशेवीस 318 मध्ये गेलं. 326 चं 118 झालं, वीस दिवसांचे पंधरा दिवस झाले. दात मात्र अजून तिथंच आहे, हाडाच्या शेजारी. आणि हत्यारानं पाडलेला दात आजही तालुक्याच्या कोर्टात आपसांत मिटवता येत नाही. पारावर विचाराल तर आकडे जुनेच सांगतात. नवे शिकायला अजून कुणाची म्हैस गेलेली नाही.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात दोघा भावांनी बांध पुन्हा घातला. मोजणीदार बोलावला नाही. दोरी आबांनी धरली, खुंट्या नानांनी ठोकल्या. आबा गेले तेव्हा पहिला खांदा नानांनी दिला, आणि दहाव्याला कावळा लगेच शिवला. तालुक्याच्या दप्तरात ती फाईल अजून असेल तर तिच्यात नाना आजही होस्टाईल आहेत.